राब आधी, आवणी मग

(मे महिन्यात नववी ते बारावीच्या मुलामुलींचं शिबिर झालं. त्यात संघटनेच्या तरुण कार्यकर्त्यांच्या वतीने केलेलं हे भाषण. ज्या पाड्यांवरून कोणी येऊ शकलं नाही त्यांनी मागितलं म्हणून पूर्ण छापत आहोत. पाड्यावर कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं.)



सकाळी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. मोठेपणी काय करणार? प्रत्येकाकडून चिठ्ठी लिहून घेतली. जेवणाच्या वेळी आम्ही सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. पोलीस, मिलिटरी, शिक्षक, नर्स, डॉक्टर, कंपनीत जॉब. बऱ्याच जणांनी लिहिलंय, 'मोठा साहेब होणार'. काही चिठ्ठ्या कोऱ्या आल्या. कोरी चिठ्ठी देणाऱ्याला इथे कोणी हसायचं नाही. ज्याच्या घरात पिकलेलं भात होळीपर्यंत पुरत नाही, त्याला पाच वर्षांनंतरचं विचारलं तर तो काय लिहिणार? पण आजचं बोलणं त्याच्यासाठीच जास्त आहे.

आधी 'मोठा साहेब' घेऊ. कुठला साहेब? कुठल्या खात्यातला? त्याला किती शिकावं लागतं? अर्ज कोणत्या महिन्यात निघतात? हे काहीच माहीत नसेल तर ती नुसती इच्छा झाली. इच्छा वाईट नाही. पण इच्छेला पाय नसतात, ती जागेवरच बसते. ध्येय कसं असावं? एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, आणि ते झालं की नाही झालं हे पाड्यावरच्या कोणालाही कळलं पाहिजे.

आपल्या म्हाताऱ्यांना हे माहीत होतं. 1945 साली डहाणू-उंबरगावकडचे वारली उठले. सावकार-जमीनदाराची वेठबिगार मोडायला उठले. तेव्हा त्यांनी 'आमचं भलं होवो' असं म्हटलं नाही. वेठ करायची नाही, असं ठरवलं. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो सगळा काळ लिहून ठेवलाय, मिळालं तर वाचा. वेठ करायची नाही. तीन शब्द. उद्या सकाळी जमीनदाराचा माणूस दारात आला तर काय करायचं, हे त्या तीन शब्दांतून प्रत्येकाला कळत होतं. तुमचं ध्येय असं असावं.

आता दुसरी गोष्ट. नियोजन म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे फळ्यावरचा तक्ता येतो, ते शहरातल्यांचं काम वाटतं. मग सांगा, भाताला राब कधी करता? पाऊस पडल्यावर? नाही. झाडावर चढून टहाळ तोडायचा, तो वाळू द्यायचा. शेण, टहाळ, गवत, माती असे थर लावायचे. उन्हाळ्यात भाजायचं. मग मिरगाच्या पावसावर पेरणी, आवण वर आलं की आवणी, मग बेणणी, आणि दिवाळीच्या सुमाराला कापणी. दिवाळीचा दाणा खायचा तर थंडीत टहाळ तोडावा लागतो. हे तुम्हाला कोणी शिकवलं नाही, आजोबांच्या मागे फिरून कळलं. पाऊस आल्यावर टहाळ तोडायला धावणाऱ्या माणसाला पाडा हसतो. पण बारावीचा निकाल लागल्यावर जातीच्या दाखल्यासाठी धावणाऱ्या पोराला कोणी हसत नाही, कारण सगळे तसेच धावतात. आम्हाला हे बदलायचंय.

तिसरी गोष्ट, कागद. या संघटनेतला कोणीही म्हातारा तुम्हाला सांगेल की कागद म्हणजे काय. 27 डिसेंबर 1978 ला सरकारने निर्णय काढला, की 1 एप्रिल 1972 ते 31 मार्च 1978 या काळातली जंगलजमिनीवरची अतिक्रमणं कायम करायची. आपण जमीन आधीपासून कसत होतो. पण पुरावा कोणाकडे होता? जंगलवाल्यांनी दंड केला होता त्याची पावती ज्याच्याकडे, त्याचं काहीतरी नाव निघालं. ज्याला मारलं, बैल नेले, कोंबडा नेला, पैसे घेतले आणि पावती दिली नाही, तो कागदावर कुठेच नव्हता. पुढे 2006 चा वनहक्क कायदा आला, 2008 पासून नियम लागू झाले. त्यात तारीख आहे 13 डिसेंबर 2005. त्याआधीपासून कसत असाल तर हक्क आहे, प्रत्यक्ष कसता तेवढ्या जमिनीवर, चार हेक्टरपर्यंत. दावे भरायला बसलो तेव्हा अक्षरओळख नसलेल्या आज्यांनी घरातून पावत्या काढून आणल्या. कोणाची मडक्यात होती, कोणाची लुगड्याच्या गाठीत, धुराने काळी पडलेली. तीस वर्षं जपलेला कागद. त्या आजीला कोणी सांगितलं होतं की कायदा येणार आहे? कोणी नाही. पण कधीतरी लागेल, हे तिने धरून ठेवलं होतं.

पोरांनो, तुम्ही त्या आजीची नातवंडं आहात. तुमच्या कागदाचं काय?

एक गंमत बघू. ज्यांचा वाढदिवस 1 जूनला येतो त्यांनी हात वर करा. बघा, निम्मं शिबिर! तुम्ही सगळे एका दिवशी जन्मला नाहीत. शाळेत घालताना आईला तारीख सांगता आली नाही, गुरुजींनी 1 जून लिहिली. ठीक आहे, तारखेने पोट दुखत नाही. पण नावाने दुखतं. शाळेच्या रजिस्टरला आडनाव एक, रेशनकार्डावर दुसरं, बापाच्या जमिनीच्या कागदावर तिसरंच. जातीच्या रकान्यात कुठे 'कोकणा', कुठे 'कुकणा', कुठे नुसतं 'हिंदू'. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म जाण्याआधी आपल्या रजिस्टरमधली नोंद डोळ्यांनी बघा. चूक असेल तर शाळेत असतानाच हेडमास्तरांकडे अर्ज द्या. शाळा सोडल्यावर तीच चूक दुरुस्त करायला दहा खेटे पडतात.

जातीचा दाखला वेगळा आणि जात वैधता प्रमाणपत्र वेगळं, हेही लक्षात ठेवा. दाखला प्रांत ऑफिसातून मिळतो. तो खरा आहे हे पडताळणी समिती तपासते आणि मग वैधता देते. राखीव जागेवर इंजिनिअरिंग, डॉक्टरकी, नर्सिंगला जायचं तर वैधता लागते, नोकरीत तर लागतेच. समितीला जुना पुरावा पाहिजे असतो, 1950 च्या आधीचा असेल तर उत्तम. आपले आजोबा शाळेत गेले नाहीत, मग त्यांचा शाळेचा दाखला कुठून आणणार? तर तहसील कार्यालयात जुनी जन्म-मृत्यूची नोंद असते, गाव नमुना 14, त्याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात आजोबांचं, पणजोबांचं नाव आणि जात सापडते. जुना सातबारा, फेरफार सापडतो. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यात, चुलत्याला किंवा चुलतभावाला वैधता मिळाली असेल तर तिची प्रत मोठं काम करते. या सगळ्याला महिने लागतात. म्हणून हे काम अकरावीत सुरू करायचं. बारावीच्या निकालानंतर सुरू केलं तर प्रवेशाची यादी निघून जाते आणि आपण ऑफिसच्या पायरीवर बसलेले असतो. गुण असून जागा गेलेली पोरं आपल्या भागात आहेत. आज ती भट्टीवर विटा मारतात.

अर्ज कुठलाही असो, त्याची पोच घ्यायची. तारीख आणि शिक्का असलेली. तोंडी 'करून टाकतो' याला पोच म्हणत नाहीत.

चौथी गोष्ट, उलटं मोजायचं. जिथे पोचायचं तिथून आजपर्यंत मागे यायचं. समजा एका मुलीने ठरवलं की नर्स व्हायचं आणि नर्सिंगची डिग्री घ्यायची. ती बारावीनंतर चार वर्षांची असते. त्याला बारावीत विज्ञान आणि जीवशास्त्र पाहिजे. म्हणजे अकरावीला सायन्स. जवळच्या आश्रमशाळेत सायन्स आहे का? नसेल तर कुठे आहे? तिथे आदिवासी मुलींचं सरकारी वसतिगृह आहे का? त्याचा अर्ज दहावीच्या निकालानंतर लगेच भरावा लागतो. म्हणजे नववीतून दहावीत जाणाऱ्या या मुलीला याच वर्षी हे विचारून ठेवायला हवं. बघा, सात वर्षांपुढची गोष्ट सरकत सरकत या जूनपर्यंत आली. मैत्रिणी आर्ट्सला गेल्या म्हणून तीही गेली, तर तो रस्ता बंद झाला हे तिला दोन वर्षांनी कळेल.

समजा एकाला वकील व्हायचंय. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स, किंवा आधी तीन वर्षांची पदवी आणि मग तीन वर्षांचा कोर्स. बारावी कुठल्याही शाखेची चालते. आज जो नववीत जाणार त्याला बारावी व्हायला चार वर्षं आणि पुढे पाच, म्हणजे नऊ वर्षं. लांब वाटतं? आपल्या जमिनीची लढाई किती वर्षं चालली ते मागे बसलेल्यांना विचारा.

आता एक सांगतो. एकाही चिठ्ठीवर 'मोजणीदार' लिहिलेलं नव्हतं. आणि आपलं सगळ्यात जास्त नुकसान मोजणीत झालंय. कसतो दोन एकर, आणि पट्ट्यावर येतात वीस गुंठे. पट्टा हातात आला म्हणून बाप खूश, फोटो काढून घरी. त्या कागदावर आकडा हेक्टरमध्ये असतो. एक एकर म्हणजे साधारण 0.40 हेक्टर. म्हणजे दोन एकरला 0.80 यायला पाहिजे. तिथे 0.20 लिहिलं असेल तर दीड एकर गेली. हे गणित सहावी-सातवीचं आहे. आज घरी गेल्यावर पट्टा काढा आणि वाचा. कमी असेल तर ग्रामसभेला आणि संघटनेला सांगा. आयटीआयमध्ये सर्वेअरचा ट्रेड असतो, दहावीनंतर जाता येतं. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापकाच्या जागा निघतात. प्रत्येक पाच-सहा गावांमागे आपला एक पोरगा किंवा पोरगी मोजणी शिकली, तर कोणी साखळी वाकडी धरणार नाही.

काही मुलांनी दबक्या आवाजात विचारलं, की फॉरेस्टमध्ये भरती झालो तर संघटनेला चालेल का? चालेल. उद्या खाकी घालून तू कोणाच्या शेतात उभा राहिलास, तर तुला कायद्याचं कलम 4(5) पाठ असलं पाहिजे. दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही त्याच्या कसत्या जमिनीवरून हलवता येत नाही, असं ते सांगतं. हे माहीत असलेला गार्ड आपल्याला पाहिजेच आहे.

पाचवी गोष्ट आयाबापांसाठी. पोरांच्या नियोजनातला सगळ्यात धोक्याचा महिना मार्च नाही. परीक्षा मार्चमध्ये असते, पण पोरगं नापास दिवाळीत होतं. कापणी-झोडणी झाली की भट्टीवाल्याचा मुकादम पाड्यावर येतो, उचल देतो. घरात सण, आजारपण, जुनं देणं. उचल घेतली की सगळं घर भिवंडी-वसईकडे भट्टीवर. दहावीतली मुलगी लहान भावाला सांभाळायला बरोबर जाते. मग मार्चमध्ये ती परीक्षेला आली तरी काय लिहिणार?

आम्ही असं म्हणत नाही की उचल घेऊ नका. पोट आम्हालाही आहे. आम्ही म्हणतो, मुकादम येण्याआधी घरात बसून ठरवा. या वर्षी कोण मागे राहणार? वसतिगृहात कोण, आजीकडे कोण? आणि गावातच काम मागा. रोजगार हमीचं काम लेखी मागायचं, पाच-दहा घरांनी मिळून, आणि पोच घ्यायची. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावं लागतं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यावा लागतो. ही मागणी दिवाळीनंतर करून उपयोग नाही, तेव्हा घर रिकामं झालेलं असतं. भात कापताना करा. म्हणजे पोराच्या दहावीचं नियोजन आईबापाच्या कामाच्या अर्जापासून सुरू होतं.

मुलींबद्दल वेगळं बोलावं लागतं. तिच्या चिठ्ठीवर 'शिक्षिका' असतं आणि घरात तिच्या देजाची बोलणी चालू असतात. दोन योजना एकाच मुलीसाठी, आणि तिला एकच माहीत. मुलीचं लग्न अठराच्या आत करणं गुन्हा आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण अठरा पूर्ण झाले की दुसऱ्या दिवशी मांडव, असंही नको. वारल्यांत लग्न कोण लावतं? धवलेरी, बाई लावते. मग बाईने शिकायचं किती हे पुरुषांनीच का ठरवायचं? आणि वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा, असं कायद्यातच आहे. म्हणजे आज इथे बसलेली मुलगी उद्या जमिनीची मालकीण आहे. मालकिणीला सही करण्याआधी कागद वाचता आला पाहिजे. मुलींनो, तुमचं ध्येय घरात एकटीने सांगायला भीती वाटते तर दोघी-तिघी मिळून जा, आमच्यातल्या एखाद्या बाई कार्यकर्तीला बोलवा. आम्ही येऊ, चहा पिऊ, बोलू.

सहावी गोष्ट, दुसरी वाट. राब भाजला तरी पाऊस दगा देतो, आवण जळतं. तेव्हा शेतकरी काय करतो? शेजारून आवण मागतो, वरकसावर नागली-वरई वाढवतो. शेत सोडून पळत नाही. दहावीला एक-दोन विषय गेले तर फेरपरीक्षा असते. शाळा सुटली असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. नापास झाला म्हणून बोईसरच्या कंपनीत ठेकेदाराकडे गेलेलं पोरगं चार वर्षांनी तिथेच असतं, आणि ठेकेदार म्हणेल त्या दिवशी घरी येतं. म्हणून प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन ओळी लिहायच्या. पहिली वाट, आणि ती अडली तर दुसरी.

आणि खरं बोलायचं तर सगळ्यांना सरकारी नोकरी मिळणार नाही. राज्याच्या नोकऱ्यांत आदिवासींना सात टक्के जागा राखीव आहेत, पण मुळात जागाच थोड्या निघतात. मग उरलेल्यांनी काय करायचं? ज्या जमिनीसाठी आजोबांनी मार खाल्ला ती जमीन आहे ना. जव्हार-विक्रमगडकडे आपली माणसं मोगरा लावतात, कळ्या दादरच्या फुलबाजारात जातात. काजू-आंब्याच्या वाड्या उभ्या राहिल्यात. पण मोगऱ्याला पाणी पाहिजे, काजूला फळ धरेपर्यंत तीन-चार वर्षं थांबावं लागतं. म्हणजे शेती करणाऱ्यालाही उलटं मोजावंच लागतं. 'काहीच जमलं नाही म्हणून शेती' असं म्हणू नका. शेती हे ध्येय म्हणून लिहा, आणि पुढे लिहा की किती गुंठ्यांत काय, पाणी कुठून, आणि पहिला पैसा कोणत्या वर्षी.

आता शेवटचं. आमच्यातले बरेचजण बारावीपर्यंतच शिकलेत. आम्ही शिकलो तेव्हा पाड्यावर विचारायला कोणी नव्हतं. लोक म्हणायचे, 'काय करशील शिकून, शेवटी भट्टीवरच जायचा.' तुम्हाला असं ऐकावं लागू नये, एवढं आपण सगळे मिळून करू शकतो. एकट्या पोराची योजना पहिल्या आजारपणात मोडते. पाड्याची योजना असली तर मोडत नाही. जमिनीचे दावे आपण एकेकट्याने भरले नाहीत. ग्रामसभेत बसलो, वनहक्क समिती केली, म्हाताऱ्यांचे जबाब घेतले, एकमेकांच्या शेताच्या हद्दी सांगितल्या. पोरांचंही तसंच करायचं.

म्हणून पाच कामं ठरवू. पाऊस लागण्याआधी प्रत्येकाने एक वही करायची. पहिल्या पानावर ध्येय, एका वाक्यात, आणि खाली दुसरी वाट. दुसऱ्या पानावर उलटं मोजलेली वर्षं, प्रत्येक वर्षासमोर काय करायचं ते. तिसऱ्या पानावर कागद: जन्माची नोंद, जातीचा दाखला, वैधता, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं खातं. कोणता आहे, कोणता नाही, पोच कोणत्या तारखेची. चौथ्या पानावर खर्च: एसटीचा पास, फॉर्म, वह्या, वसतिगृहात जायचं तर अंथरूण-पांघरूण. शिष्यवृत्ती उशिरा येते, म्हणून पहिले महिने कशावर काढणार तेही लिहा. पाचवं काम पाड्याचं. आवणी आटोपली की पाड्याची बैठक घ्यायची आणि नववी ते बारावीच्या सगळ्या मुलामुलींची यादी वाचायची. प्रत्येक नावासमोर एक मोठं माणूस. त्याने महिन्यातून एकदा ती वही मागायची. त्याला वाचता येत नसेल तरी चालेल. वही आहे का, पान पुढे गेलं का, एवढं विचारायला वाचता यायला लागत नाही.

यादी संघटनेच्या पुढल्या बैठकीत आणा. ज्या पाड्याची यादी येणार नाही, त्या पाड्यावर आम्ही येऊन बसू, यादी होईपर्यंत उठणार नाही. मोर्चात तहसीलदाराच्या दारात बसतो, तसंच.

कोरी चिठ्ठी देणाऱ्यांनो, तुमच्या चिठ्ठ्या आम्ही फेकलेल्या नाहीत. जपून ठेवल्यात. संध्याकाळी परत देऊ. त्यावर आज एकच ओळ लिहा, पुढल्या जूनपर्यंतची. पाच वर्षांचं मग बघू.

टहाळ तोडायची वेळ झाली आहे. उठा.

जिंदाबाद!